जळगावच्या उन्हात दोन फुटी फिश टँक : दिवाळी ते पोळा

दिवाळीत घेतलेला टँक पोळा उलटून गेला तरी चालू आहे, मासे धडधाकट आहेत आणि घरात अजून कुणाला कंटाळा आलेला नाही. जळगावात एवढं झालं म्हणजे पैसे वसूल, असं माझं मत. पण दुकानातून जो 'फुल सेट' आणला त्यातलं निम्मं सामान आज माळ्यावर पडलंय, आणि जे खरं कामाला आलं ते सेटमध्ये नव्हतंच. पुण्या-मुंबईवाल्यांचे व्हिडिओ बघून इकडे टँक लावायला निघालेल्यांनी हे जरूर वाचा. त्यांचं पाणी वेगळं, त्यांचा उन्हाळा तर फारच वेगळा.

आधी काय घेतलं ते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच काचेचा टँक, वर झाकण, एलईडी लाइट, टॉप फिल्टर, हिटर, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं, मागे चिकटवायचं निळं पोस्टर आणि लोखंडी स्टँड. साधारण साडेपाच हजार. काठोकाठ भरला तर ७० लिटर बसतं, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी ५५-६० लिटरच असतं. स्टँड सोडून बाकी सगळ्याचं वजन ८० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे शोकेसवर, टीव्हीच्या टेबलावर वगैरे ठेवायचा विचार करू नका. टँकखाली थर्मोकोलची शीट हवीच, नाहीतर स्टँडच्या उंचसखल पट्टीचा ताण सरळ काचेवर येतो.

दुकानात सांगितलं, "ताई, आज पाणी भरा, हे थेंब टाका, उद्या मासे न्या." ते थेंब क्लोरीन मारतात, बाकी काही करत नाहीत. माशांची विष्ठा आणि उरलेले दाणे यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विष. नायट्रेट बऱ्यापैकी सोसतं, तेवढ्यासाठी दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. 'नवीन टँकमध्ये मासे आठवड्यात मरतात' ही जी सार्वत्रिक तक्रार असते, तिचं बहुतेक वेळा कारण हेच. पनवती वगैरे काही नसतं.

म्हणून आम्ही मासे न आणता रिकामा टँक चालू ठेवला आणि रोज चिमूटभर दाणे टाकत राहिलो. त्या काळात घरी आलेल्या प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला. माझ्या सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांनी तर समोर खुर्ची टाकून बसत विचारलं, "हाई काय शे? मासा कोठे शेतस?" पोरांनीही भरपूर भुणभुण केली. पण पाणी तपासायचा किट मागवला होता, त्याने करमणूक होत होती: काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, थेंब टाकून हलवायचं आणि खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कार्डाला लावून रंग बघायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा. आधी रोज हिरवा गडद होत गेला, मग एका आठवड्यात झपाट्याने उतरला आणि नायट्राइटच्या नळीने जांभळा रंग धरला. तोही उतरून दोन्ही शून्यावर आले तेव्हाच मासे आणले. किट दाण्यांपेक्षा कितीतरी महाग पडतो, तरी एवढ्या सगळ्या खरेदीत मी पुन्हा घेईन अशी ती पहिली वस्तू.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं का, तेही सांगते. आपलं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळावर पांढरा थर साचतो तो सगळ्यांनी पाहिलाय. अशा पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास असतो. पीएच ७ चा ८ झाला की त्याच अमोनियाचं विषारी रूप सुमारे दहापट होतं, आणि पाणी गरम असेल तर त्याहून वाढतं. म्हणजे थंड, हलक्या पाण्याच्या गावात जी हलगर्जी खपते ती खान्देशात खपत नाही.

आता पाणी कोणतं वापरायचं. आमच्याकडे वाघूर धरणाचं नळाचं पाणी आणि सोसायटीची बोअर, दोन्ही आहेत. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावला तर आमचा नळ ३०० च्या आसपास, बोअर ९०० च्या वर. बोअर टँकमध्ये अजिबात नाही. नळाला रोज पाणी नसल्यामुळे ते ड्रममध्ये साठवलेलंच असतं, आणि एक दिवस उघडं राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. दिवसाआड पाण्याचा मला सापडलेला हा एकमेव फायदा. पावसाळ्यात मात्र गढूळ पाणी येतं आणि ब्लीचिंगचा वास भपकन नाकात शिरतो, तेव्हा थेंब टाकल्याशिवाय मी पाणी बदलत नाही.

मासे निवडताना सगळा खेळ याच पाण्याचा. पोरांना गोल्डफिश हवा होता. तो थंड पाण्याचा मासा, १८ ते २४ अंश त्याला मानवतं, शिवाय घाण खूप करतो आणि वाढतोही मोठा. आपल्या मे महिन्यात त्याला ठेवणं म्हणजे त्याचे हाल. निऑन टेट्रा दिसायला सुंदर, पण त्यांना हलकं पाणी लागतं. आम्ही गप्पी, मॉली आणि प्लॅटी घेतले. हे तिन्ही जड पाण्यात खूश असतात आणि उन्हाळाही इतरांपेक्षा बरा काढतात. दुकानदाराच्या दृष्टीने हे 'स्वस्तातले' मासे, त्यामुळे ते मागणाऱ्याकडे जरा तुच्छतेने बघितलं जातं. बघू द्या.

'काच साफ करणारा मासा' म्हणून सकर गळ्यात मारायचा प्रयत्नही झाला. बोटभर असताना तो गोड दिसतो. पुढे फूटभराच्या वर जातो आणि तोच सगळ्यात जास्त घाण करतो. मग लोक तो रात्री नेऊन तलावात सोडतात. मेहरूण तलावात किंवा गिरणेत असले परदेशी मासे सोडू नका. देशातल्या किती नद्या-तलावांत या सकरने ठाण मांडलंय आणि जाळी फाडतोय म्हणून मासेमारी करणारे वैतागलेत. काच मी जुन्या एटीएम कार्डाने खरवडते, दोन मिनिटांचं काम आहे.

हिटरबद्दल लोकांचे दोन गट आहेत. माझं म्हणणं: डिसेंबर-जानेवारीत लागतो. आपल्याकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी परत २८-३०. त्या चढउताराने मासे आजारी पडतात, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. २५ वर लावून ठेवला की तो फक्त पहाटे चालू होतो. संक्रांतीनंतर काही दिवसांत काढून ठेवला.

खरी परीक्षा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. बाहेर ४४-४५, आणि हॉलमधल्या टँकचं पाणी दुपारी ३३ च्या वर. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की समजायचं, भूक नाहीये, श्वास अपुरा पडतोय. अशा वेळी दाणे टाकले तर उलट नुकसान.

आम्ही जे केलं ते असं. झाकण काढून वर नायलॉनची मच्छरदाणी ताणली आणि एक छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावला. एवढ्यावर पाणी दोन-तीन अंश उतरतं. हॉलमध्ये कूलर चालू असला तर खोलीच थंड राहते, पण कूलरने हवा ओली झाली की फॅनचा असर कमी होतो, तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवायची. लाइट दुपारी बंद, फक्त संध्याकाळी. बर्फाचे खडे टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. एकदम पाच अंश उतरलेलं पाणी माशाला उष्णतेपेक्षा वाईट. अगदीच चटका बसला तर फ्रिजमधली पाण्याची गोठलेली छोटी बाटली तरंगत ठेवते आणि थर्मामीटरवर नजर ठेवते.

फॅनमुळे पाणी भराभर उडतं, मे महिन्यात रोज अर्धा बोट तरी. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. त्यावर पुन्हा जड पाणी ओतत राहिलं तर टीडीएस चढतच जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या प्यायच्या पाण्याने करते आणि आठवड्याचा बदल नळाच्या पाण्याने. आरओची वाया जाणारी नळी टँकमध्ये सोडणारेही भेटलेत; त्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरा. आणखी एक: गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात दुपारी हात भाजेल इतकं तापतं. पाणी बदलायचं ते सकाळी सहालाच.

यानंतर वीज. दुपारी दोन-तीन तास गेली की टॉप फिल्टर बंद, पाणी हलणं बंद. सेटमध्ये यावर काहीच उपाय नव्हता. वेगळा एअर पंप आणि स्पंज फिल्टर घेतला, दोन्ही मिळून पाचशेच्या आत, आणि हीच या घरातली सगळ्यात हुशार खरेदी ठरली. पंप तीन-चार वॉटचा असतो, इन्व्हर्टरला कळतही नाही. मात्र साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तो गुणगुणायला लागतो, आमचा तर चक्क भुंग्यासारखा. त्याखाली जुन्या चपलेचा रबरी तुकडा ठेवलाय. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवरचा पंप आणि पॉवर बँक चालते, पण आधी तपासून घ्या: पंप इतकी कमी वीज खेचतो की काही पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. आणि पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत वीसेक रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

विजेचं बिल विचारणाऱ्यांसाठी: हिटर सोडून महिन्याला १२-१४ युनिट.

स्वच्छता म्हटली तर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं. सायफन पाइपने खडीतली घाण ओढत चौथा हिस्सा पाणी काढायचं. ते पाणी मी कुंड्यांना घालते, मोगरा खूश आहे. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू जातात. मनी प्लांटची एक फांदी फिल्टरच्या कप्प्यात खोचलीय, मुळं पाण्यात. तिने नायट्रेट इतकं ओढलंय की काचेवरचं शेवाळ निम्म्यावर आलं. प्लास्टिकची झाडं, रंग सोडणारी खडी आणि तोंड उघडणारी खजिन्याची पेटी माळ्यावर गेली, कुणाला हवी असेल तर फुकट आहे.

गप्पींबद्दल एक इशारा. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस सहज, आणि नर वेगळा काढला तरी पुढची काही बाळंतपणं होतच राहतात. होळीपर्यंत आमच्याकडे दाटी झाली. पण जळगावात गप्पीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. घरोघरी पाणी साठवलेलं, त्यात डासांच्या अळ्या, आणि गप्पी त्या अळ्या आवडीने खातो. आरोग्य खात्यातर्फेही डेंग्यू-मलेरियासाठी हेच मासे डबक्यांत, हौदांत सोडले जातात. आमच्या गल्लीत चार-पाच हौदांत आमचेच गप्पी आहेत. हौद घासायच्या दिवशी ते गाळणीने बादलीत काढून ठेवायचे, एवढं मात्र घेणाऱ्याला सांगून ठेवा.