बांबूची रोवळी: गणपतीपासून शिमग्यापर्यंत वापरून

रोवळी म्हणजे धुतलेले तांदूळ निथळायची बांबूची टोपली, हे कोकणात कोणाला सांगायला नको. थेट तक्रारीवर येते.

मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ निथळायला हवी म्हणून गणपतीआधी एका हस्तकला प्रदर्शनातून घेतली. 450 रुपये, वर चकचकीत व्हार्निश. दिवाळीनंतर ओट्यावर रोज सकाळी चिमूटभर पिवळट भुकटी दिसायला लागली. उलटी करून बघते तर काठाच्या पट्टीला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. भुंगा, म्हणजे बांबू पोखरणारा किडा! विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘नैसर्गिक वस्तू आहे मॅडम, थोडं चालायचंच.’ आणि बदलून द्यायची मुदत म्हणे सात दिवस. सात दिवसांत भुंगा तोंड दाखवतो का?

रोवळीला पाचपैकी एकच तारा देणार होते. पण मध्ये कुडाळच्या बाजारात टोपल्या विकणाऱ्या मावशींना रोवळी दाखवली. त्यांनी आतून नख रुतवून बघितलं. “कोवळो बांबू. तुमच्या घराक चूल आसा?” चूल कुठली, तिसऱ्या मजल्यावर गॅस. “मगे भुंगो येतलोच.”

बांबूतलं पिष्ट हे भुंग्याचं खाणं, आणि कोवळ्यात ते जास्त. म्हणून चांगला जून झालेला बांबू पावसाळा टाळून तोडायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे पिष्ट कमी होतं. आजीची रोवळी चुलीच्या वर टांगलेली असायची. धुराने काळीकुट्ट, पण भोक एक नाही. व्हार्निशने यातलं काहीच होत नाही. उलट त्याचे पापुद्रे तांदळात यायला लागले होते.

मावशींकडून 250 ला दुसरी घेतली, बिनव्हार्निशची. वापरायला मात्र सुख आहे. स्टीलच्या चाळणीच्या भोकांत तांदळाचे दाणे अडकून बसतात आणि पाणी तुंबतं. हिच्यात तांदूळ ओतून जरा तिरकी ठेवली की पाणी काठाकाठाने गळून जातं, तांदूळ मोकळा. घावण्यांचे तांदूळ तर आता हिच्यातच. चौकोनी बुडाच्या कोपऱ्यांत थोडे दाणे राहतात, तेवढं झटकावं लागतं. धुतल्यावर वाऱ्याला उपडी टांगते, सिंकखाली ठेवत नाही. भुकटी अजून तरी नाही.

जुनीवर उकळतं पाणी ओतून कडक उन्हात टाकली. भुकटी थांबली आहे, पण तिच्यात आता कांदेच.

नव्या रोवळीला साडेचार तारे, अर्धा कोपऱ्यांतल्या दाण्यांचा कापला. प्रदर्शनवाल्यांना मी परवा पुन्हा फोन केला होता. 450 रुपये अजून आलेले नाहीत.