मेंदूसाठी ओमेगा-३ कॅप्सूल: डबीत काय असतं आणि ती घ्यावी का?

मेडिकलच्या काउंटरवर फिश ऑइलच्या डब्या हमखास मांडलेल्या असतात. पूर्वी त्यांवर हृदयाचं चित्र असायचं, आता मेंदूचंही दिसतं. घरातलं वडीलधारं माणूस नावं विसरायला लागलं की मुलं बहुतेकदा हीच डबी आधी आणतात. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही. सगळीकडे मिळणाऱ्या, १००० मिलिग्रॅमच्या साठ कॅप्सूलच्या नेहमीच्या डबीचं आहे. निकाल सुरुवातीलाच सांगतो: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टाळायचा म्हणून हिच्यावर पैसे घालू नका. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी लिहून दिली असेल, तर मात्र नीट निवडून घ्या.

आधी लेबल वाचू. पुढच्या बाजूला ठळक छापलेले १००० मिलिग्रॅम हे माशाच्या तेलाचं वजन आहे, ओमेगा-३ चं नाही. डबी उलटी करून ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशातल्या ओमेगा-३ चे दोन मुख्य प्रकार, यांचे आकडे शोधा. साध्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा १८० आणि १२०, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅम असतात. बाकीचं तेल म्हणजे माशातली इतर चरबी. काही डब्यांवर आकडे 'प्रति सर्व्हिंग' दिलेले असतात आणि बारीक अक्षरात सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल असं लिहिलेलं असतं. तेव्हा किंमत डबीवरून नाही, ग्रॅमवरून काढा. समजा ६०० रुपयांच्या डबीत ३०० मिलिग्रॅमच्या साठ कॅप्सूल आहेत: एकूण १८ ग्रॅम, ग्रॅमला सुमारे ३३ रुपये. ९०० रुपयांच्या डबीत ६०० मिलिग्रॅमच्या साठ असतील तर ३६ ग्रॅम, ग्रॅमला २५ रुपये. महाग दिसणारी डबी इथे स्वस्त पडते.

त्याच लेबलवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असंही लिहिलेलं सापडेल. हा माल औषध म्हणून नाही, एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांखाली पूरक आहार म्हणून विकला जातो. आजार टाळण्याचा किंवा बरा करण्याचा दावा त्यावर करता येत नाही. 'मेंदूच्या आरोग्यासाठी' अशा गोल वाक्यामागचं कारण हेच.

तेल खवट होणं ही या मालाची सगळ्यात मोठी अडचण. ओमेगा-३ ची रचनाच अशी की हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते लवकर बिघडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात माल ट्रकमध्ये आणि गोदामात किती तापतो, ते डबीवर कुठेच कळत नाही. एक कॅप्सूल कापून वास घ्या. माशाचा मंद वास ठीक, पण जुन्या तेलासारखा उग्र, घशात खवखवणारा वास आला तर ती डबी परत करा. आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या किंवा लिंबाचा सुगंध घातलेल्या कॅप्सूलमध्ये हा दोष लपतो, म्हणून त्याही कापूनच पाहा. कंपनीने तपासणीचा अहवाल दिला असेल तर त्यात तेल किती खवट झालं ते सांगणारे दोन आकडे पाहा: पेरॉक्साइड मूल्य ५ च्या खाली आणि टोटॉक्स २६ च्या खाली हवं. जास्त तीव्रतेचा पुष्कळसा माल इथाइल एस्टर या, प्रक्रिया करून बदललेल्या स्वरूपात येतो. तो उपाशीपोटी किंवा चहा-बिस्किटाबरोबर नीट शोषला जात नाही. जेवणाच्या मधोमध घ्यावा, म्हणजे माशाचे ढेकरही कमी येतात.

आता मुख्य प्रश्न, मेंदूचा. मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए भरपूर असतं, त्यामुळे ते बाहेरून दिलं तर फायदा होईल ही कल्पना वाजवी होती. ती नीट तपासलीही गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अल्झायमर झालेल्या ४०२ जणांना डीएचए किंवा बिनऔषधी कॅप्सूल दीड वर्ष दिली. डीएचएचा डोस रोजचे २ ग्रॅम होता, तरी आजाराची गती कमी झाली नाही. उपाय उशिरा सुरू झाला, ही शंका रास्तच. मग फ्रान्समध्ये सत्तरीच्या वरच्या, डिमेन्शिया नसलेल्या १६८० जणांचा तीन वर्षं अभ्यास झाला. त्यातल्या ओमेगा-३ गटांना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए मिळत होतं. २०१७ मध्ये निकाल आला: स्मरणशक्तीची घसरण थांबल्याचं ठोस दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डिमेन्शियाचा धोका कमी करण्यासाठी ओमेगा-३, ब आणि ई जीवनसत्त्वं किंवा मिश्र गोळ्या सुचवू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) घातलेली कॉम्बो डबी तर सरळ ठेवून द्या. ७५ वर्षांवरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना गिंको दिवसातून दोनदा देऊन पाहिला होता, २००८ मध्ये आलेला तो निकालही नकारार्थीच होता.

कॅप्सूल निरुपद्रवी असते असंही नाही. दिवसाला एक ग्रॅमहून जास्त डोसाच्या चाचण्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. कॉड लिव्हर ऑइल हा वेगळा माल आहे. त्यात अ जीवनसत्त्व असतं, म्हणून दोन-दोन, चार-चार कॅप्सूल घेणं धोक्याचं. उलट, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढल्यामुळे डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल हे परीक्षण वाचून बंद करू नका. त्या उपयोगाला वेगळा आधार आहे.

तेच पैसे बाजारात खर्च करा. शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा तारलीत, मोसम आणि माशातली चरबी यांनुसार, अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए मिळतं, शिवाय प्रथिनं आणि बी-१२ ही. आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. तिखलं किंवा उडदामेथी यांत माशाचं तेल रशातच राहतं. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळलं की त्यातलं काही कढईत जातं आणि तळणीचं तेल आत येतं. डोळे चमकदार, कल्ले लाल, पोट घट्ट, एवढं पाहून घ्या आणि लगेच बर्फात ठेवा. बांगडा-तारली गरम जागी राहिली की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं यामागे पुष्कळदा तेच असतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत खाऱ्या बांगड्यावर भर दिला तर रक्तदाबाला मीठ भोवतं, आणि वाढलेला रक्तदाब हा डिमेन्शियाचा सिद्ध झालेला धोका आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मोजलेल्या डिमेन्शियाच्या १४ टाळता येण्याजोग्या कारणांत रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल आणि ऐकू न येणं ही सगळी आहेत. बीपीची गोळी नियमित घेणं आणि कानाचं यंत्र लावणं यांपुढे ही डबी फार मागे पडते.

फक्त मासाही पुरेसा नाही. शिकागोच्या रश विद्यापीठातला, मार्था क्लेअर मॉरिस यांच्या गटाने मांडलेला, मेंदूसाठी आखलेला 'माइंड' आहार मासा आठवड्यातून एकदाच मागतो. पालेभाजी मात्र सहा वेळा, आणि जोडीला कडधान्यं, अख्खी धान्यं, अक्रोड-बदाम. २०१५ च्या निरीक्षणात हा आहार पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमर बराच कमी दिसला, पण २०२३ च्या तीन वर्षांच्या चाचणीत नुसतं कमी खाणाऱ्या गटापेक्षा ठोस फरक आढळला नाही. तरीही हे जेवण रक्तदाब आणि साखरेला चांगलं, म्हणून आमची पसंती त्यालाच.

शाकाहारी घरांसाठी शैवालापासून केलेलं डीएचए मिळतं. पण कवच जिलेटिनचं असू शकतं, म्हणून हिरवं चिन्ह पाहा. मेंदूबाबतचा निकाल त्यालाही तोच लागू. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, त्याचं डीएचए शरीरात फारच थोडं बनतं. तरी चटणी जरूर खावी. जवस मंद भाजून कुटा, कारण अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. आठवडाभर पुरेल एवढीच कुटून फ्रीजमध्ये ठेवा.

शाकाहाऱ्यांनी खरी काळजी करावी ती बी-१२ ची. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. याच्या कमतरतेने विसराळूपणा, पायांत मुंग्या आणि तोल जाणं होतं, आणि ते वेळेत सापडलं तर बरंच सुधारतं. बरीच वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांमध्येही ही कमतरता होते. रक्तात बी-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार लागतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासायला सांगा. आणि तपासणीसाठी रक्त देण्याआधी बी-१२ ची गोळी किंवा कॉम्बो कॅप्सूल सुरू करू नका, नाहीतर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही.