झाडावर चढायचा हार्नेस आणि दोर: आठ महिने वापरून

माझं काम छाटणीचं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या गावांमधून घरावर आलेल्या फांद्या, धुऱ्यावरच्या बाभळी, गोठ्यावर झुकलेली चिंच, जे येईल ते. वीस वर्षं कमरेला नाडा बांधून चढलो. नोव्हेंबरात सामान घेतलं तेव्हा घरून पहिला प्रश्न आला, "झाडावर चढाले एवढे पैसे कायले लागते जी?" सगळं मिळून दुभत्या म्हशीच्या निम्म्या किमतीत गेलं, म्हणून प्रश्न चुकीचा नव्हता.

आधी मी फसलो ते सांगतो. दुकानदाराने बांधकामावरचा हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) दिला, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. वस्तू खोटी नव्हती, पण त्याची कडी पाठीवर. इमारतीवरून पडणाऱ्याला ती धरून ठेवते. झाडावर मात्र माणसाला बसून काम करायचं असतं. पाठीवरून लटकलो की समोरची फांदी हातालाच लागेना. झाडाचा हार्नेस वेगळा येतो: मांड्यांना पट्टे, दोन्ही कुल्ल्यांवर कड्या, पुढे मुख्य दोर अडकवायला छोट्या दोराचा झोळा. ईएन ३५८ आणि ईएन ८१३ ही दोन्ही युरोपीय मानकं लिहिलेली पाहूनच घ्या.

दोर १२ मिलिमीटरचा, ४५ मीटर. हा फांदीवरून दुहेरी पडतो, म्हणून २० मीटरच्या वर चढायचा विचार करू नये. दोन फूट ओढलं की एक फूट वर जातो. सुरुवातीला वैताग येतो, पण अंगावरचं अर्धंच वजन हातांवर येतं, त्यामुळे संध्याकाळी खांदे जागेवर असतात. दोराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, नाहीतर उतरताना टोक सटकून जातं आणि आपण त्याच्या मागे.

मला सगळ्यात जास्त आवडली ती सगळ्यात स्वस्त वस्तू. ३०० ग्रॅमच्या आसपासची छऱ्याची थैली आणि बारीक फेकदोरी. खालूनच फांदीच्या बेचक्यातून टाकायची आणि तिला बांधून मोठा दोर वर न्यायचा. पहिले पंधरा दिवस थैली शेजारच्या कौलांवरच जायची. आता तिसऱ्या-चौथ्या फेकीत बसते. दोर सालीवर घासू नये म्हणून फांदीला दोन रिंगांचा पट्टा घालतो आणि दोर त्या रिंगांतून नेतो. दोर टिकतो आणि झाडाची सालही.

दोरावर आपल्याला धरून ठेवणारी गाठ ब्लेकची. हाताने सरकवली की सरकते, वजन पडलं की पकडते. दोराचंच शेपूट घेऊन चार वेढे खालून वर, मग शेपूट खाली आणून दोराच्या मागून खालच्या दोन वेढ्यांतून काढायचं. तिथेच लोक चुकतात. शेपूट वेढ्यांत अडकलं नाही तरी गाठ दिसायला तशीच दिसते, वजन पडलं की उकलते. म्हणून जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण वजन टाकून पाहिल्याशिवाय मी वर जात नाही. प्रुसिक नावाची तशीच दुसरी गाठही चालते, १९३१ सालापासून गिर्यारोहक वापरतात, पण वजन पडल्यावर ती फार घट्ट बसते.

मे महिन्यात एका चिंचेवर आग्या मोहोळ उठलं. फांद्यांच्या आड होतं, खालून दिसलंच नाही. नाड्यावर असतो तर मेलोच असतो. गाठ दाबली आणि सरसर खाली आलो. पाच-सहा डंख बसले ते बसलेच. संध्याकाळी गाठ सोडून पाहिली तर दोराचा तेवढा भाग वितळून चकचकीत, बोटाला प्लास्टिकसारखा कडक लागत होता. वेगात उतरलं की घर्षणाने नायलॉन वितळतो. दीड मीटर तुकडा कापून फेकला, जीव तुटला. आता गाठीसाठी वेगळी दोरी ठेवतो, खराब झाली तर तेवढीच बदलते.

करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असलंच पाहिजे, एक मुख्य दोर आणि एक कमरेचा आखूड दोर. ताणलेला दोर करवतीच्या एका फटक्यात तुटतो, ढिला असताना तेवढा कापला जात नाही. माझ्या आखूड दोराच्या आवरणाला जूनमध्ये करवत लागलीच. दोन दोर होते म्हणून हसता आलं. आखूड दोरात तारेचा गाभा असलेला प्रकारही येतो, तो घेतला नाही, कारण शेताशेतातून ११ केव्हीच्या विजेच्या तारा आहेत. तारेजवळचं काम वीज बंद झाल्याशिवाय घेतच नाही, मालक कितीही म्हणो "पटकन होऊन जाते".

तक्रारी: मांडीचे पट्टे उन्हाळ्यात घामाने चिकटतात आणि रग लागते. दोर फवारणीच्या पंपाशेजारी ठेवू नका, बॅटरीजवळ तर नाहीच. उंदीर हा वेगळाच विषय, गोदामात खुंटीवर टांगूनच ठेवतो. धुवायला साधा साबण, वाळवायला सावली.

मोठी उणीव सामानात नाही, माझ्यात आहे. मी वर बेशुद्ध पडलो तर मला खाली उतरवणारा कोणी नाही, आणि हार्नेसमध्ये निपचित लटकून राहिलेला माणूस फार वेळ तग धरत नाही. म्हणून दुसरा दोर आणि पुतण्यासाठी दुसरा हार्नेस घेतोय. सध्या तो माझाच घालून अंगणातल्या कडुलिंबावर चार फुटांवर लटकतो आणि शेपूट रोज चुकीच्या वेढ्यातून काढतो.