माहितीपत्रक की ओळखीच्या आवाजातली गोष्ट?

अलास्कातल्या मूळ रहिवाशांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. म्हणून तिथे त्यांना 40व्या वर्षापासूनच तपासणी करून घ्यायला सांगतात. पण हे गळी उतरवायचं कसं?

माहितीपत्रक स्वस्त आणि नेमकं. कोलोनोस्कोपीच्या (नळीवरच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून तपासण्याच्या) आदल्या दिवशी काय खायचं नाही, पोट साफ करायचं औषध कधी घ्यायचं, हे कागदावरच हवं.

डिजिटल गोष्ट म्हणजे दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ: स्वतःचा आवाज, घरचे फोटो, थोडं संगीत. तिथल्या खेड्यांत काम करणाऱ्या आरोग्य सहायकांनी कार्यशाळांमध्ये अशा गोष्टी स्वतः तयार केल्या आहेत. समजा, पडद्यावर आजीचा जुना फोटो येतो आणि गावातलाच आवाज म्हणतो, ‘मी घाबरले होते, तरी जाऊन आले.’ कर्करोगाचं नाव काढायला कचरणारी माणसंही मग बोलायला लागतात. ही ताकद पत्रकात नाही. मात्र वेळ बराच जातो. आणि ज्याची गोष्ट, त्याला विचारल्याशिवाय ती कुठेही दाखवू नये. इथे तडजोड नकोच.

मी आधी गोष्ट दाखवेन, मग गप्पा, आणि निघताना हातात पत्रक.