घरचा फोटो प्रिंटर: स्क्रीन असलेली तीन यंत्रं, आणि नागपूरच्या घराला कोणतं मानवेल

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना हिशेब लावणं सोपं जाईल. फोटो प्रिंटरवरची छोटी स्क्रीन रंग पारखायला नसते. फोटोचा कोणता भाग कागदावर येणार आणि कोणता कापला जाणार, हे बघायला ती असते. जिथे कॅमेऱ्याचं कार्ड थेट लावून छापायचं आहे, किंवा आजी-आजोबांनी स्वतः फोटो निवडावेत अशी इच्छा आहे, तिथे तिचे पैसे वसूल होतात. सगळे फोटो फोनमध्ये आणि छापणाराही एकच माणूस, अशा घरात फोनचीच स्क्रीन मोठी आणि चांगली असते. तिथे प्रिंटरवरच्या स्क्रीनसाठी जास्त पैसे घालू नयेत.

तुलनेला तीन यंत्रं घेतली आहेत, कारण तिघांची छापायची रीत पूर्ण वेगळी आहे. कॅननचा सेल्फी सीपी1500 रिबनवर, म्हणजे रंगाचे थर असलेल्या पट्टीवर, चालतो आणि त्याला 3.5 इंची स्क्रीन आहे. एप्सनचा एल8160 सहा शायांचा टाकीवाला प्रिंटर आहे, त्याला 4.3 इंची टचस्क्रीन, स्कॅनर आणि ए4 पर्यंतचा कागद. फुजीफिल्मचा इन्स्टॅक्स मिनी एव्हो हा खरं तर कॅमेरा, पण मागच्या 3 इंची स्क्रीनवर फोटो बघून, आवडला तरच छापता येतो, आणि फोनमधले फोटोही त्यावर छापून निघतात.

कापाकापीचा प्रश्न

इथे जरा थांबते, कारण घरी छापलेल्या फोटोंबद्दलची निम्मी नाराजी इथूनच येते. बहुतेक फोन 4:3 प्रमाणात फोटो काढतात. सीपी1500 चा पोस्टकार्ड कागद 148 × 100 मिलिमीटरचा, म्हणजे जास्त लांबट. बिनकाठाचा फोटो छापायचा तर जवळपास दहावा हिस्सा गळतो. आडव्या फोटोत तो वरून-खालून जातो; लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच काकांचं डोकं जातं, नाहीतर खाली बसलेल्या पोरांचे पाय. उभ्या फोटोत काट डाव्या-उजव्या बाजूंना बसते. तान्ह्या पोळ्याला नटवलेलं पोर बरोब्बर मधोमध येतं आणि त्याच्या हातातल्या दोरीच्या टोकाचा लाकडी बैल अर्धाच उरतो. ज्याच्यासाठी फोटो काढला तोच गेला!

स्क्रीनवर कापण्याची चौकट दिसते, ती सरकवता येते, लहान-मोठी करता येते. सीपी1500 आणि एल8160 दोन्हींत ही सोय आहे. एल8160 च्या मोठ्या टचस्क्रीनवर बोटाने हे काम जास्त आरामात होतं. सीपी1500 ला बटणं दाबत जावं लागतं, पण ती मोजकी आहेत आणि ज्येष्ठांच्या हाताला लवकर बसतात. मिनी एव्होच्या फिल्मवर प्रत्यक्ष चित्र 62 × 46 मिलिमीटरचं येतं. हे प्रमाण 4:3 च्या इतकं जवळ आहे की फोनचा फोटो जवळजवळ पूर्ण येतो. फोटो छोटा, पण कुणाचं डोकं जात नाही.

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्यांना ही अडचण फारशी नाही. त्यांचा फोटो बहुतेक वेळा 3:2 चा असतो आणि पोस्टकार्डावर तो नीट बसतो. कार्ड काढलं, प्रिंटरच्या खाचेत घातलं, स्क्रीनवर फोटो निवडला, छापला. या लोकांसाठी स्क्रीन खरी कामाची. फक्त जेपीईजीमध्ये काढा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची संस्कार न केलेली मूळ फाइल, सीपी1500 कार्डावरून छापत नाही. आयफोन फोटो ज्या प्रकारात साठवतो त्या हीक (HEIC) फाइलचंही तेच, ती ॲपमधून पाठवावी लागते.

स्क्रीन एक गोष्ट लपवते, तीही लक्षात ठेवा. घरच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साध्या दर्जात आलेला फोटो बहुधा लांबीला 1600 पिक्सेलच्या आसपास उरतो. 4 × 6 इंचांना चांगल्या दर्जासाठी 1800 × 1200 पिक्सेल लागतात, त्यामुळे तिथे तो निभावून जातो. पण तोच फोटो ए4 वर घेतला तर इंचाला 140 ठिपकेही भरत नाहीत. चार-साडेचार इंची स्क्रीनवर मात्र तो छान धारदार दिसतो. भिंतीवर लावायचा फोटो ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्यावी.

रंगांचं म्हणाल तर स्क्रीन मागून उजेड फेकते, कागद समोरचा उजेड परत देतो. कागदावरचा फोटो स्क्रीनपेक्षा थोडा गडद वाटणारच, आणि उन्हाळ्यात फोनचा उजेड पूर्ण वाढवलेला असला तर फरक आणखी जाणवतो. पहिला प्रिंट खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघावा आणि त्यावरून पुढच्या फोटोंचा उजळपणा ठरवावा.

मे महिना आणि ऑगस्ट महिना

नागपुरात यंत्र घेताना ही तुलना बाकी शहरांपेक्षा वेगळी होते. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो. सीपी1500 चालवायची मर्यादा 40 अंशांपर्यंत आहे, एल8160 ची 35 पर्यंत. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापलेल्या खोलीत भर दुपारी दोन्ही चालवू नयेत. सीपी1500 आतून तापला तर मध्येच थांबतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. तो बिघाड नव्हे. सकाळी छापा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे त्यावर उपाय कूलर. कूलरने खोली थंड होते, पण हवेत ओलावाही भरतो. शाईच्या प्रिंटरचा कागद हा ओलावा धरतो, कडा वर उचलल्या जातात, आणि कागद आत जाताना अडकतो किंवा कडेला शाई घासते. बाजारातल्या स्वस्त ग्लॉसी कागदावर हे जास्त जाणवतं. त्यावर शाई लवकर सुकत नाही आणि बोट लागलं की ठसा राहतो. पावसाळ्यात कूलर बंद असला तरी दमट हवेत हेच घडतं. एल8160 घेतलात तर कागदाचा उघडा पुडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि छापताना लागेल तेवढाच काढा.

रिबनच्या यंत्राला ओलाव्याचा त्रास कमी, धुळीचा जास्त. त्याची रीत अशी: रिबनवर पिवळा, किरमिजी आणि निळसर रंगाचे थर असतात. गरम पट्टी त्यावरून फिरली की रंग वाफ होऊन कागदात शिरतो. कागद तीन रंगांसाठी तीनदा आणि वरच्या पारदर्शक थरासाठी चौथ्यांदा आत-बाहेर जातो. पोस्टकार्ड आकाराच्या एका फोटोला साधारण 41 सेकंद. या जा-ये करताना कागदावर धुळीचा कण बसला की तिथे पांढरा ठिपका उमटतो, आणि तो पुसून जात नाही. उन्हाळ्यातली आपली उडती धूळ ठाऊक आहे. कूलरच्या झोतासमोर, रस्त्याकडच्या खिडकीशी हे यंत्र ठेवू नये. मागेही मोकळी जागा हवी, कारण कागद मागून बाहेर डोकावतो. काम झालं की कागदाचा ट्रे काढून यंत्राचं तोंड बंद करावं.

चौथ्या फेरीतल्या त्या पारदर्शक थरामुळे फोटो बाहेर येताच कोरडा असतो आणि पाण्याचे शिंतोडे सोसतो. पोरांच्या हाती द्यायला हाच फोटो बरा. साठवताना मात्र मऊ पीव्हीसीच्या खिशांचा अल्बम नको, त्यात रंग ओढला जातो. पॉलिप्रॉपिलीनच्या खिशांचा घ्यावा. आणि माळ्यावर ठेवू नये. उन्हाळ्यात स्लॅबखालचा माळा 40 अंशांच्या वर सहज जातो, आणि तेवढी उष्णता या फोटोंना सोसत नाही.

मिनी एव्होची फिल्म सगळ्यात नाजूक. ती रसायनांवर चालते, फोटो बाहेर आल्यावर सुमारे दीड मिनिटात उमटतो, आणि वापरण्याची मर्यादा 5 ते 40 अंश आहे. फुटाळ्याला जाताना फिल्म भरलेला कॅमेरा उन्हातल्या गाडीत सोडला तर रंग बिघडणारच.

किती वेळा छापता?

खर्चाचा प्रश्न मला किमतीपेक्षा या प्रश्नात जास्त दिसतो. शाईचा प्रिंटर पडून राहिला की शाई छिद्रांत सुकते, आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती आणखी लवकर सुकते. मग साफसफाईची फेरी चालवावी लागते आणि त्यात शाईच खर्च होते. आठवड्याला एखादं रंगीत पान छापणाऱ्या घराला एल8160 अतिशय परवडतो. एका फोटोमागे शाईचा खर्च किरकोळ पडतो आणि कागद कोणता घ्यायचा ते तुमच्या हातात राहतं. दिवाळी आणि पोळा सोडून प्रिंटरकडे न बघणाऱ्या घराला तो डोकेदुखी होईल.

सीपी1500 ची रिबन कोरडी असते, सुकण्याचा प्रश्न नाही. चार महिने कपाटात राहिला तरी पहिलाच फोटो नीट येतो. रिबन आणि कागद मोजून एकत्र मिळतात, 108 फोटोंचा पुडा, म्हणजे एका फोटोला किती पडले ते आधीच कळतं: साधारण वीस ते तीस रुपये. बर्डीवरच्या लॅबमध्ये याहून स्वस्त पडतं. त्यामुळे लग्नाचे दोनशे फोटो घरी छापू नका, सरळ लॅबमध्ये द्या. घरचं यंत्र पाहुणे निघताना हातात दोन फोटो ठेवण्यासाठी आहे, ज्याला लॅब उपयोगी नाही.

वापरलेल्या रिबनवर छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा उरते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ओळखपत्राचा किंवा घरातल्या मुलींचा फोटो छापला असेल तर रिबन कापून टाका, तशीच कचऱ्यात फेकू नका.

इन्स्टॅक्सची फिल्म महागच. एका फोटोला पन्नासच्या आसपास रुपये धरा. पण त्याला कुणी रोजचं यंत्र समजून घेतही नाही.

घरातलं कोण काय छापणार

आता माणसांकडे येऊ. घरात दहावी-बारावीची मुलं असतील तर पासपोर्ट आकाराच्या फोटोंना अंत नसतो. 35 × 45 मिलिमीटरचे आठ फोटो एका पोस्टकार्डावर बसतात, आणि सीपी1500 मध्ये ओळखपत्राच्या फोटोंची वेगळी सोय आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणाऱ्यांना पोस्टकार्ड आकाराचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटोही लागत आला आहे. रात्री अकराला फॉर्म भरताना फोटो हवा म्हणून आठवलं, तर हे यंत्र वेळेला धावून येतं. अशा घराला माझी शिफारस निःसंशय सीपी1500 ची.

ज्यांच्याकडे जुने कृष्णधवल फोटो आहेत, महालातल्या किंवा इतवारीतल्या जुन्या वाड्यातल्या ट्रंकेत कुठेतरी पडलेले, त्यांनी एल8160 कडे बघावं. स्कॅनर त्यातच आहे, आणि सहा शायांमध्ये एक राखाडी असल्यामुळे कृष्णधवल फोटो हिरवट-जांभळट न होता राखाडीच येतो. पणजोबांचा तळहाताएवढा फोटो स्कॅन करून ए4 वर काढता येतो, आणि एकच मूळ फोटो असलेल्या तीन भावंडांच्या तीन घरी तो जातो. हे काम बाकी दोघांना जमत नाही. मला विचाराल तर घरी प्रिंटर असण्याचं याहून मोठं कारण नाही. ए4 हवा पण स्क्रीन आणि स्कॅनर नको असतील, तर एप्सनचाच एल8050 बघा. तोही सहा शायांचाच आहे, आणि फोनवरून छापणाऱ्याला तेवढा पुरतो.

मिनी एव्हो कुणाला? कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, नव्या जोडप्याला, ज्यांना फोटो काढण्याच्या क्षणीच तो कुणाच्या तरी हातात द्यायचा आहे त्यांना. घरचा फोटो प्रिंटर म्हणून मी तो सुचवणार नाही, फोटो फारच छोटा होतो. आजीला तो चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

ज्येष्ठांबद्दल आणखी एक. फोन हाताळायला बिचकणाऱ्या माणसाला कार्ड लावलेला प्रिंटर आणि समोर चित्रं दाखवणारी स्क्रीन फार सोपी पडते. पुढचा, मागचा, छाप. त्यांनी निवडलेले फोटो आपण निवडले नसते असे असतात, आणि तेच घरात टिकतात. या एका कारणासाठी मी आई-वडिलांच्या घरी स्क्रीनवालाच प्रिंटर ठेवायला सांगेन, मग फोनचं ॲप कितीही चांगलं असो.

दुकानात जाताना आपलं कार्ड किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा आणि त्यावर दोन फोटो ठेवा: एक उभा, एक ग्रुपचा. दोन्ही तिथल्या यंत्रावर स्क्रीनवरून स्वतः कापून, स्वतः छापून बघा. दुकानदार आधीच छापून ठेवलेले नमुने दाखवेल, ते कंपनीने निवडलेले असतात. त्यावरून काही ठरवू नका. आणि सीपी1500 घेत असाल तर रिबन-कागदाचा पुडा त्याच दुकानात नेहमी मिळतो का ते विचारून घ्या, कारण त्याला दुसरा कुठला कागद चालत नाही.