रोज जवळ बाळगायचं छोटं पिस्तूल : तीन वर्षं वापरून झाल्यावर

परवाना मिळाला तेव्हा माझा एकच प्रश्न होता, सगळ्यात छोटं कुठलं? आता नेमबाजीच्या रेंजवर नवीन आलेल्या बायका-पुरुष मला हाच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगते की बाई, आधी हातात धरून पन्नास राउंड, म्हणजे काडतुसं, मारून बघ आणि मग घे. मी तसं केलं नव्हतं. दुकानातल्या काउंटरवर जे सगळ्यात हलकं आणि सगळ्यात चपटं दिसलं ते उचललं, आणि त्याची किंमत पुढचं वर्षभर माझ्या तळहाताने मोजली. म्हणून हे सविस्तर लिहितेय. यात माझा अनुभव आहे, नवऱ्याचा आहे, दिरांचा आहे आणि माझ्या मावसबहिणीचा पण आहे, चौघांकडे चार वेगळी आहेत.

माझं पहिलं पॉइंट ३८० चं (हे काडतुसाचं माप) खिशातलं पिस्तूल होतं, रिकामं असताना तीनशे ग्रॅमच्या आतच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार त्या एका मॉडेलची नाही, त्या मापाच्या जवळपास सगळ्याच पिस्तुलांची आहे. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, सहा राउंड. खिशातल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, घातलं की जाडसर फोन ठेवल्यासारखं वाटायचं, कुणाला काही कळायचं नाही, मी पहिले दोन आठवडे जाम खूश. मग रेंजवर नेलं. पहिलं मॅगझिन ठीक गेलं, दुसऱ्याला अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी चुरचुरायला लागली, आणि तीस राउंड होईपर्यंत ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, बोटाला खालून असा काही घासत होता की घरी येऊन बघितलं तर तिथे लाल रेघ उठलेली. पन्नासची पेटी संपवलीच नाही मी त्या दिवशी.

कारण साधं आहे. काडतुसातली दारू तेवढीच जळते, गोळी तेवढीच जाते, पण धक्का सोसायला पिस्तुलात वजनच नाही, म्हणजे तो सगळा हातात येतो. वर मूठ एवढी आखूड की करंगळीला धरायला काही उरत नाही, ती खाली लोंबत राहते, आणि करंगळी नसली की पकड किती ढिली होते ते प्रत्यक्ष बार काढल्याशिवाय कळत नाही. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर पण कमी, त्यामुळे माशी केसभर हलली तरी गोळी निशाणावर कुठल्या कुठे जाते. सात मीटरवर नवऱ्याच्या मोठ्या पिस्तुलाने माझे सगळे बार तळहाताएवढ्या जागेत पडायचे, ह्याने जेवणाच्या ताटाएवढे पसरायचे. बाई तीच, नजर तीच.

आणि मग अडकणं सुरू झालं. कधी झालेल्या बारची रिकामी पुंगळी नीट बाहेर पडायची नाही, धुराड्यासारखी स्लाइडमध्ये (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) उभी राहायची, कधी वरचा राउंड अर्धाच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, शिरायचा. मला वाटलं पीस खराब आहे. रेंजवरच्या सरांनी माझ्या हातून घेतलं, त्यांनी तीन मॅगझिन सलग मारली, एकदाही अडकलं नाही. मला म्हणाले, "मॅडम, तुमचं मनगट सुटतंय." स्लाइड मागे जाताना तिला अडवायला फ्रेम, म्हणजे मुठीसकट खालचा सांगाडा, जागेवर हवी, मनगट ढिलं असलं की फ्रेम पण मागे सरकते, मग स्लाइडचा पूर्ण प्रवास होत नाही आणि राउंड अर्धवट राहतो. मोठ्या पिस्तुलात हे बरंचसं खपून जातं, छोट्यात खपत नाही, कारण स्लाइडचा प्रवासच मुळात कमी, ती हलकी, वेगाने जाते-येते, आणि तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचा राउंड वर आणून ठेवायचा असतो. म्हणजे ज्याला अनुभव कमी त्याच्या हातात आपण सगळ्यात नाजूक वस्तू देतो, हे मला खरंच खटकतं आणि दुकानात हे कुणीही सांगत नाही.

आता थोडं मागचं सांगते म्हणजे नवीन माणसाला पर्याय कळतील. २००८ ला रुगर एलसीपी आलं आणि खिशातलं पॉइंट ३८० घराघरात पोचलं. ९ एमएमचं काडतूस हवं असेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड २०१२ ला आणि ग्लॉक ४३ हे २०१५ ला आलं, ग्लॉकच्या मॅगझिनमध्ये सहा राउंड. तेव्हा हिशोब असा होता की पातळ पाहिजे तर राउंड कमी घ्या, राउंड जास्त पाहिजेत तर जाड पिस्तूल कमरेला लावा. २०१८ ला सिग सावरने पी३६५ काढलं आणि तेवढ्याच अंगात दहा राउंड बसवले. युक्ती मॅगझिनमध्ये आहे, खाली राउंड दोन ओळीत अर्धे एकमेकांना चिकटून बसतात आणि वर येताना डबी निमुळती होऊन एकच ओळ होते, त्यामुळे मूठ फारशी जाड होत नाही. मग सगळेच त्या वाटेने गेले, २०१९ ला स्प्रिंगफिल्डचं हेलकॅट अकरा राउंडचं, २०२१ ला शील्ड प्लस. आज कुणी नवीन घेत असेल तर सहा राउंडवालं ९ एमएम घ्यायला मला तरी काही कारण दिसत नाही.

माझं सध्याचं पी३६५ आहे आणि मी त्याच्यावर मनापासून समाधानी आहे. वजन रिकामं पाचशे ग्रॅमच्या आसपास, बॅरल म्हणजे नळी ३.१ इंच, रुंदी साधारण एक इंच. पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड, आणि तेच त्याचं चांगलं आहे. ९ एमएम हे पॉइंट ३८० पेक्षा जोरकस काडतूस, तरी ह्याचा धक्का मला कमी टोचतो, कारण मूठ नीट भरते. साध्या मॅगझिनने करंगळी थोडी बाहेर राहते, म्हणून मी खाली बोटाला टेकू असलेलं लावलंय, त्याने उंची जरा वाढली पण पकड पूर्ण बदलली. शंभर राउंड एका बैठकीत मारते आता, हात दुखत नाही असं नाही म्हणणार, पण उद्या परत यावंसं वाटतं. मला वाटतं छोटं पिस्तूल घेताना हीच परीक्षा धरावी, कारण जे चालवायची भीती वाटते त्याचा सराव होत नाही आणि सराव नसलेलं पिस्तूल खिशात असणं मला धोक्याचं वाटतं.

नवऱ्याकडे ग्लॉक ४३एक्स आहे. ४३ चीच स्लाइड आणि बॅरल, फक्त मूठ लांब आणि दहा राउंड. त्याचा हात मोठा, त्याला ते बरोबर बसतं. पण लपवताना एक गंमत लक्षात आली जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. लोकांना वाटतं बॅरल जेवढी छोटी तेवढं पिस्तूल लपतं. बॅरल तर पँटच्या आत जाते, ती कुणाला दिसणारे? दिसते ती मूठ. वाकलं की शर्टाला मागून टोक येतं ते मुठीचं असतं. त्यामुळे अर्धा इंच मूठ कमी झाली तर फरक पडतो, बॅरल अर्धा इंच लांब असली तर उलट बसायला बरी पडते कारण होल्स्टर खाली टेकून राहतं आणि मूठ अंगाकडे कलते.

होल्स्टरवर मी बोलणार म्हणजे बोलणारच, कारण पिस्तुलात पैसे घालून होल्स्टरमध्ये वाचवणारे फार बघितलेत आणि मी पण त्यातलीच होते. पहिलं मऊ कापडाचं घेतलं, सगळ्या पिस्तुलांना बसेल असं वर लिहिलेलं. पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटायचं, परत घालायला दुसऱ्या हाताने उघडावं लागायचं, म्हणजे नळीसमोर स्वतःचाच हात. एकदा घालताना जॅकेटची नाडी ट्रिगर गार्डमध्ये गेली. घालायच्या आधी खाली बघायची सवय होती म्हणून दिसली. मी तिथेच थांबले, पिस्तूल बाहेर काढून रिकामं केलं, आणि ते होल्स्टर त्याच दिवशी फेकून दिलं. छातीत धडधडत होतं बराच वेळ. आता कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, आहे, त्याच मॉडेलच्या मापाचं, ट्रिगर गार्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकतं, तोंड कडक आहे, आणि घातलं की टक्कन आवाज येतो. आतून एक फोमची पाचर लावलीय, तिच्यामुळे मूठ पोटाकडे वळते. सोबत कडक पट्टा घ्या, साध्या पट्ट्यावर पिस्तूल दिवसभर खाली ओढलं जातं आणि तुम्ही सारखे वर ओढत बसता, त्यानेच लोकांचं लक्ष जातं. आणि परत घालताना घाई कधीच नको. काढताना घाई समजू शकते, घालताना कसली आलीय घाई.

मावसबहिणीचं वेगळं. तिच्या अंगठ्याच्या सांध्यात दुखणं आहे, छोट्या पिस्तुलाची स्लाइड तिला मागे ओढवतच नाही. छोट्या स्लाइडला वजन नसतं म्हणून स्प्रिंग कडक घालावी लागते, आणि धरायला जागा पण कमी, म्हणजे छोटं ते सोपं हा समज इथेच मोडतो. तिने स्मिथ अँड वेसनचं पॉइंट ३८० शील्ड ईझी घेतलं, २०१८ मध्ये आलेलं. माझ्यापेक्षा मोठंच आहे ते, पण स्लाइड अशी हलकी की तिने पहिल्यांदा ओढली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. मॅगझिनला बाजूला बटण आहे ते दाबून राउंड भरता येतात, आणि मुठीला मागे सेफ्टी आहे, नीट धरल्याशिवाय बार होत नाही. आठ राउंड. ती ते कमरेच्या बाजूला सैल शर्टाखाली लावते. तिच्यासाठी ह्याहून चांगलं मला सुचत नाही.

दीर जुन्या वळणाचे, त्यांच्याकडे पाच राउंडचं छोटं रिव्हॉल्व्हर, घोडा म्हणजे हॅमर आत झाकलेलं, जे-फ्रेम म्हणतात ते. १९५० पासून हा साचा चालू आहे. त्यांचं म्हणणं, खिशातून काढताना काही अडकत नाही, आणि एक बार नाही झाला तर परत ट्रिगर दाबा, पुढचं काडतूस समोर येतं. खरं आहे. पण ट्रिगर इतका जड की मला माशी जागेवर ठेवता येत नाही, आणि हलक्या धातूच्या फ्रेममध्ये त्याचा धक्का माझ्या पहिल्या पिस्तुलाहून वाईट. वहिनी, सवय लागते, असं ते म्हणतात. त्यांना लागलीय, त्यांचे बार बघितले की पटतं.

आता दोन गोष्टी ज्या माहितीपत्रकात वाचून पण डोक्यात शिरत नाहीत. मी रोज रात्री पिस्तूल रिकामं करून लॉकच्या पेटीत ठेवायचे आणि सकाळी परत तोच वरचा राउंड चेंबरला भरायचे, घरात मुलं आहेत म्हणून. काही महिन्यांनी सहज दोन काडतुसं टेबलावर शेजारी उभी केली, एक नवीन आणि एक ते रोजचं. रोजचं चक्क बुटकं दिसत होतं. दर वेळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, आपटून गोळी पुंगळीत थोडी थोडी आत ढकलली गेली होती. आतली जागा कमी झाली की बार होताना दाब वाढतो, आणि तो किती वाढेल ह्याचा अंदाज घरी बसून करता येत नाही. ते काडतूस मी वापरलं नाहीच. आता होल्स्टरसकट काढून भरलेलंच पेटीत ठेवते, कुलूप लावते, आणि ज्या वेळी रिकामं करावं लागतं त्या वेळी राउंड बदलते.

दुसरं घाम. कमरेला आत लावलं की पिस्तुलाची एक बाजू दिवसभर अंगाला असते. उन्हाळ्यात मागच्या खाचेच्या मुळाशी मला टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका दिसला. तेलाच्या फडक्याने गेला, पण तेव्हापासून आठवड्यातून एकदा पुसणं चुकवत नाही. खिशात बाळगणाऱ्यांनी कापसाचे तंतू बघावेत, माझ्या पहिल्याच्या नळीच्या तोंडाशी अक्षरशः वळकटी निघाली होती, आणि त्या खिशात दुसरं काहीही ठेवू नये, किल्ली नाही, पेन नाही, काही नाही.

काडतुसांचं थोडक्यात. सरावाला साधी चालतात, पण जी जवळ बाळगणार ती पोकळ टोकाची, आणि तीच स्वतःच्या पिस्तुलातून मारून बघायची. पोकळ तोंडामुळे काही पिस्तुलांत ती रॅम्पवर अडखळतात. शिवाय आखूड नळीतून गोळीचा वेग कमी पडतो, मोठ्या पिस्तुलासाठी बनवलेली गोळी मग लागल्यावर नीट उमलत नाही, म्हणजे टोक फुलून पसरत नाही, म्हणून आखूड नळीसाठी वेगळी बनवलेली मिळतात ती घ्यावीत. महाग पडतात, माहितीय. तरी मी दोनशे मारली एकदाही न अडकता, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पहिलं पिस्तूल अजून आहे, विकलं नाही, महिन्यातून एकदा एक मॅगझिन मारते फक्त पकड तपासायला, कारण मनगट ढिलं पडलं की ते लगेच अडकून दाखवतं. पी३६५ चे आतापर्यंत अडीच हजाराच्या वर राउंड झालेत, मागच्या महिन्यात रिकॉईल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला परत पुढे आणणारी, नवीन घातली. नवीन स्प्रिंगवर परत शंभर साधी आणि पन्नास पोकळ टोकाची मारली, सगळ्या पुंगळ्या उजवीकडे एकाच ठिकाणी पडल्या, मग त्याच संध्याकाळी कमरेला लावलं.