आर५, आरडी, राजदूत ३५०, आरडी४००, एलसी: नावं का बदलली आणि तुम्ही नेमकी कुठली घ्यावी

जुनी यामाहा ट्विन टू-स्ट्रोक, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, घ्यायचीय म्हटलं की पहिल्याच दिवशी डोकं गरगरतं, कारण एकाच घराण्याची सात-आठ नावं समोर येतात, आर५, आरएक्स३५०, आरडी३५०, मग त्याच्यापुढे ए आणि बी, राजदूत ३५०, त्यातही एचटी आणि एलटी, आरडी४००, एलसी, आरझेड, आणि विकणारा प्रत्येक जण आपलीच खरी म्हणून सांगतो. पण ही नावं उगाच बदलली नाहीत. बहुतेक वेळा नाव बदललं तेव्हा काहीतरी ठोस घडलं होतं, कधी इंजिनात, कधी कायद्यात, कधी फक्त गाडी कुणाच्या कारखान्यात बनली एवढंच, आणि यातलं कुठलं कारण कुठल्या गाडीला लागू हे कळलं की निवडणं बरंच सोपं होतं.

आधी थोडं मागे जाऊ. यामाहाची जुनी पद्धत म्हणजे मालिकेची अक्षरं आणि पुढे वाढत जाणारा आकडा. अडीचशे सीसीची वायडीएस१ आली १९५९ ला, मग २, मग ३, आणि तिथून एकदम वायडीएस५. साडेतीनशेत वायआर१ आली १९६७ ला, मग २, ३ आणि १९७० ला थेट आर५. दोन्हीकडे चार नंबर गाळलाय, जपानात चार हा आकडा अशुभ धरतात आणि कारण तेच असावं असं जाणकार मानतात. तेव्हा कुणी तुम्हाला दुर्मिळ आर४ दाखवायला लागला तर तिथून निघा. आणखी एक घोळ म्हणजे बाहेर देशात आर५ म्हणून विकलेली गाडी जपानात आरएक्स३५० होती, अडीचशेची डीएस७ तिकडे डीएक्स२५०. गाडी तीच, बाजार वेगळा म्हणून नाव वेगळं. आपल्याकडच्या आरएक्स१०० शी त्या आरएक्सचा अक्षरांपलीकडे काही संबंध नाही, ती सिंगल सिलिंडर आणि पुढच्या दशकातली.

मग १९७३ ला आरडी आली आणि हा बदल खराखुरा होता. आर५ चं इंजिन पिस्टन पोर्टचं, म्हणजे पिस्टनच वरखाली होताना पोर्ट (सिलिंडरमधली भोकं) उघडतो-बंद करतो, त्यात खालच्या आरपीएमला थोडा चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, कार्ब्युरेटरकडे परत फेकला जातो आणि गाडी दबल्यासारखी चालते. आरडीत कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मध्ये रीड व्हॉल्व्ह आला, पातळ पट्ट्या, आत जाऊ देतात पण परत येऊ देत नाहीत. यामाहा त्याला टॉर्क इंडक्शन म्हणायची. बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी, ३४७ सीसी, हे दोन्हीकडे सारखंच, पण आर५ ची ३६ हॉर्सपॉवर आरडीत ३९ झाली, पाच गिअरचे सहा झाले आणि पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक आला. एवढं बदलल्यावर आर६ म्हणून पुढचा आकडा लावण्यापेक्षा कंपनीने सगळ्या रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक ट्विन एकाच आरडी नावाखाली आणल्या आणि पुढे सीसी लिहायला सुरुवात केली, म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानात उभ्याउभ्या कळावं. नंतरची ए (१९७४) आणि बी (१९७५) ही वर्षाची अक्षरं आहेत, त्यात किरकोळ फरक, बी म्हणजे काहीतरी भारी असं समजून जास्त पैसे देऊ नका.

आर५ की आरडी असा प्रश्न ज्यांना पडतो ते बहुतेक परदेशात राहणारे, कारण आपल्याकडे आर५ दिसणं दुर्मिळच. दिसायला आर५ देखणी, अंगाने बारीक आणि साधी, शोसाठी आणि रविवारच्या फेरीसाठी घ्यायची तर मी आर५ घेईन. पण रोज चालवायची, ट्रॅफिकमध्ये खालच्या गिअरवर ओढायची तर आरडीच, रीडमुळे जो फरक पडतो तो पहिल्या सिग्नलला कळतो.

आता आपल्याकडची गोष्ट. १९८३ ला एस्कॉर्ट्सने आरडी३५०बी वर आधारलेली गाडी भारतात काढली आणि नाव ठेवलं राजदूत ३५०. यामाहासोबत तांत्रिक करार होता, पण दुकानं, डीलर आणि ओळख राजदूतची, एस्कॉर्ट्स साठच्या दशकापासून राजदूत १७५ विकत होती, तीच जिच्यावर दुधाचे कॅन लटकवून गावोगावचे गवळी फिरायचे. त्या वर्षांत जपानी कंपन्या देशी भागीदाराचं बोट धरूनच येत होत्या, इंड-सुझुकी, हिरो होंडा, कावासाकी बजाज, सगळीकडे जोडनाव. यामाहाची ३५० मात्र सरळ राजदूत झाली आणि मला वाटतं यात गाडीचं नुकसान झालं. दणकट, कमी खर्चाच्या दूधवाल्या गाडीचं नाव एका अशा मशीनला लागलं जे पेट्रोल पितं आणि थ्रॉटल जोरात पिळला तर पुढचं चाक उचलतं, घेणाऱ्याची अपेक्षा एक आणि हातात आलं दुसरंच. लोकांनी तिला आरडीच म्हटलं ते काही उगाच नाही.

यंत्राच्या बाजूने बघाल तर राजदूत ३५० ही जपानी आरडीची हुबेहूब नक्कल नाही, आणि हे घेणाऱ्याने नीट समजून घ्यावं. इंजिन आरडीचं, रीड आहेत, सहा गिअर आहेत, ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, पण पुढची डिस्क काढून ट्विन लीडिंग शू ड्रम (जुन्या पद्धतीचा दोन शूचा ड्रम ब्रेक) दिला, म्हणजे इंजिन १९७५ चं आणि ब्रेकची पद्धत आर५ च्या काळातली. ताकदही उतरवली, पेट्रोलच्या किमतीत आपल्याकडे कोण ३९ हॉर्सपॉवरला पोसणार हा विचार असणार. सुरुवातीची एचटी, म्हणजे हाय टॉर्क, साडेतीस हॉर्सपॉवरची. नंतर मायलेज अजून वाढवायला पोर्ट आणि सायलेन्सर आवळून एलटी, म्हणजे लो टॉर्क आली, २७ हॉर्सपॉवर. दशक संपता संपता गाडीच बंद झाली.

इथेच सगळी भांडणं होतात. एचटी हवी म्हणून लोक एलटीपेक्षा कितीतरी जास्त मोजतात, आणि चालवून बघितलंत तर एचटीत मधल्या आरपीएमपासून जो जोर लागतो तो एलटीत नाही हे खरंच आहे, वरंधा किंवा आंबोलीच्या घाटात दुसऱ्या माणसाला घेऊन चढताना ते जाणवतं. सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेले भाग जास्त, नंतर हळूहळू देशी झाले, हाही एचटीचा भाव चढण्यामागचा मुद्दा. पण चाळीस वर्षांनी आज कुठली एचटी एचटी राहिलीय? एका गाडीचे सिलिंडर दुसरीला, एलटीचे पोर्ट घासून एचटीसारखे केलेले, सायलेन्सर बाजारातले, कार्ब्युरेटर भलतेच. नुसतं नाव विकत घेताय की इंजिन, हे सिलिंडर उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझं सरळ मत असं की बिनघासलेली, कागद स्वच्छ असलेली एलटी मिळत असेल आणि समोर संशयाची एचटी असेल तर डोळे मिटून एलटी घ्या. एलटीचे पोर्ट चांगल्या मेस्त्रीकडून नंतर करता येतात, चुकीचं घासलेलं सिलिंडर मात्र परत आणता येत नाही. आणि ब्रेकच्या बाबतीत एचटी असो की एलटी, ड्रम तोच, पावसाळ्यात लांबून ब्रेक धरायची सवय लावा नाहीतर डिस्क बसवून घ्या, मी तरी डिस्कच बसवेन, गाडी ओरिजिनल राहण्यापेक्षा चालवणारा घरी पोहोचणं महत्त्वाचं.

बघायला जाल तेव्हा गार इंजिनवर किक मारायला सांगा, आधीच तापवून ठेवलेल्या गाडीवर विश्वास नको. क्रँकचे ऑइल सील गेले असतील तर इंजिन बाहेरची हवा खेचतं, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आयडलला रेस आपोआप चढते आणि पुढेमागे पिस्टन चिकटतो. ऑइल पंप काढून टाकून पेट्रोलच्या टाकीत टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळून चालवणारे बरेच, तो पंप आहे का आणि चालतो का ते विचारा. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याने मिक्श्चर अजून लीन होतं, जुनी रबरंही खराब होतात, तेव्हा कार्ब्युरेटरचे जेट बघून घ्यावे लागतात. आणि सिलिंडर कितव्या ओव्हरसाइजला आहे, म्हणजे बोअर करून किती मोठा केलाय, ते विचारायला लाजू नका, शेवटच्या साइजला असेल तर त्या गाडीचा भाव खाली यायला हवा.

कागदांचं तर नावापेक्षा मोठं प्रकरण आहे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्याशी अंकन् अंक जुळला पाहिजे, टाकीवर यामाहाचा बॅज आहे का राजदूतचा याला आरटीओत काही किंमत नाही. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या बऱ्याच असतात कारण तिकडे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना रस्त्यावर बंदी आली, त्यात एनओसी खरी आहे का ते आधी तपासा, पैसे नंतर. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पासिंग आणि पर्यावरण कर हे धरूनच चाला. २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना, म्हणजे अगदी पहिल्या राजदूत ३५० लाही २०३३ आधी नाही, शिवाय त्या नोंदणीवर रोज चालवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती. चालवण्यासाठी घेणाऱ्याने त्या नंबराच्या नादी लागू नये.

उरलेल्या दोन नावांचं थोडक्यात सांगतो कारण ती मुख्यतः परदेशातल्या आपल्या लोकांच्या कामाची. आरडी४०० आली १९७६ ला, बोअर तेच, स्ट्रोक ६२ मिमी केला म्हणून ३९८ सीसी, नावातला आकडा खराच बदलला. इंजिन रबरावर बसवलं म्हणून हातापायाला झिणझिण्या कमी, मागेही डिस्क. लांब जायचं असेल तर एअर कूल्ड आरड्यांमध्ये हीच सगळ्यात समजूतदार. अमेरिकेत धुराचे नियम आवळत गेले आणि १९७९ च्या आरडी४०० डेटोना स्पेशलनंतर तिथे एअर कूल्ड आरडी संपली. १९८० ला आरडी३५०एलसी, पाण्याने थंड होणारी, मागे एकच शॉक, ४७ हॉर्सपॉवर, परत ३४७ सीसी. जपानात तीच आरझेड झाली. एलसी अमेरिकेत विकलीच नाही, तिथे १९८४ ला आरझेड३५० म्हणून गेली ती पॉवर व्हॉल्व्ह (आरपीएमप्रमाणे एक्झॉस्ट पोर्ट कमी-जास्त करणारी झडप) असलेली पुढची पिढी, सायलेन्सरमध्ये कॅटलिटिक कन्व्हर्टर घालून. त्यामुळे अमेरिकेत कुणी एलसी विकत असेल तर ती बहुधा कॅनडातून किंवा अजून लांबून आलेली, कागद दोनदा बघा. इंग्लंडमध्ये राहत असाल तर एलसी घ्या, तिथे तिला मान आहे, सुटे भाग आहेत, आणि चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स भरायचा नाही, एमओटीचीही (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्ती नाही.

बॅज बदलता येतो, टाकी रंगवता येते, म्हणून नंबर वाचायला शिका. जपानी आरडी३५० चा नंबर ३५१ ने सुरू होतो, आरडी४०० चा १ए३ ने, एलसीचा ४एल० ने आणि इंग्लंडमधल्या पहिल्या पॉवर व्हॉल्व्हवाल्या ३५० चा ३१के ने. पुण्या-मुंबईत कुणी जपानी आरडी म्हणून दुप्पट भाव सांगत असेल तर पुढची डिस्क बघून भुलू नका, ती नंतर बसवलेली असू शकते, खाली वाका, टॉर्च मारा आणि चेसिसवरचे पहिले तीन आकडे वाचा.